गाईला चारलेले धोंडे

कुणी माझ्यासमोर 'सृष्टीची अद्भुत रचना' असं काही बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं. आता तर मी सरळ उठून जाते. लोकांना वाटतं, डॉक्टरीण बाई नास्तिक झाल्या. नास्तिक कशाची डोंबलाची! रोज सकाळी देवाला दोन फुलं वाहिल्याशिवाय मी चहाचा कप तोंडाला लावत नाही. पण माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं याच रचनेवर देवळाच्या सभामंडपात तासभर भाषण ठोकलं आणि त्यापायी माझ्या वहिनीच्या गाईच्या जिवावर बेतलं. तेव्हापासून हे शब्द मला सहन होत नाहीत.

मी जनावरांची डॉक्टर. चिखलीला राहते, आसपासच्या खेड्यांत फिरते. माझं माहेर मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमपासून थोडं आत. आई-वडील गेले, आता तिथं दादा आणि वहिनी दोघंच राहतात. पोरं पुण्याला नोकरीला. दादा शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचा. शिकवायचा चांगला, खोटं कशाला बोलू? बेडकाचं चित्र फळ्यावर असं काढायचा की पोरं वह्या मिटून बघत बसायची. निवृत्त झाला आणि घरात बसवेना, म्हणून व्याख्यानं द्यायला लागला. पांढरा झब्बा, लॅपटॉप, भाड्याचा प्रोजेक्टर. विषय एकच. ही सृष्टी आपोआप झालेली नाही, कुणीतरी फार विचार करून बनवली आहे, आणि त्याचे पुरावे जनावरांच्या अंगात जागोजागी ठेवले आहेत. देऊळगाव राजाला त्याचं भाषण झालं तेव्हा म्हणे दोन तास माणूस हललं नाही. हे तो स्वतःच सांगायचा.

वहिनीचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की झब्ब्याला इस्त्री ती करायची. तिचा जीव होता तिच्या गाईत. तांबडी गावरान गाय, कपाळावर पांढरा टिळा. ती अकरा दिवसांची असताना तिच्या आईला साप चावला. वहिनीनं वाटीत दूध घेऊन त्यात बोटं बुडवून ती चोखायला शिकवलं, मग बाटलीवर आणलं. उन्हाळ्यात स्वतः कूलरसमोरून उठून गोठ्यावर ओलं गोणपाट टाकायची. गाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही, दादाला तर नाहीच. पहिल्या वेताला वासरू पोटातच गेलं. आता दुसऱ्यांदा गाभण होती, सातवा महिना लागला होता, आणि वहिनीचा जीव टांगणीला. दर चार दिवसांनी फोन. "ताई, आज तिनं पानी कमी पेलं. ताई, डावीकडं झोपली तं चालते काय?" मी चिडायचे, पण सांगायचे. तपासूनही आले होते. वासरू जिवंत होतं, हाताला हललं होतं. ते सांगितलं तेव्हा वहिनीनं पदर तोंडाला लावला होता.

मग अधिक महिना आला. आमच्याकडं या महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून वाफवलेले धोंडे, मोजून तेहेतीस, तांब्याच्या ताटात ठेवायचे, वर दिवा लावायचा आणि ते वाण जावयाला द्यायचं. धोंड्याचा महिनाच म्हणतात याला. आई-वडिलांच्या माघारी हा मान दादा करतो, आणि मनापासून करतो. त्या वर्षी त्यानं एकाच रविवारी दोन्ही ठरवलं. सकाळी देवळात त्याचं व्याख्यान, दुपारी आमचं जेवण. फोनवर म्हणाला, "जवाईबापूच्या हातानं दिवा लावून सुरुवात करू." आमचे हे कचेरीत कारकून. त्यांना कुणी कशाच्या सुरुवातीला बोलावत नाही, म्हणून खूश झाले. नवीन शर्ट काढला.

सभामंडप भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. आम्हा दोघांना मात्र समोर खुर्च्या. पाहुणे ना आम्ही! प्रोजेक्टरला अंधार हवा म्हणून दारांना सतरंज्या लावलेल्या, आणि आत नुसती उकड.

दादानं सुरुवात केली पृथ्वीपासून. सूर्यापासून ती नेमकी इतकीच लांब आहे. जरा जवळ असती तर आपण भाजून निघालो असतो, जरा दूर असती तर गोठलो असतो. बर्फ पाण्यावर तरंगतो म्हणून खाली मासे जगतात, बुडाला असता तर सगळे तळापासून गोठून मेले असते. हवा इतकी, पाणी इतकं, ऊन इतकं. "एका जिवाले जगायले किती अटी लागतात पाहा," तो म्हणाला, "आन् त्या साऱ्या अटी कोनीतरी पुऱ्या करून ठेवल्या. तुमच्या वावरातला मोटारपंप आपोआप जोडल्या जाते काय? पाइप आपोआप बसते काय? मंग हे काऊन आपोआप होईन?" लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मोटारपंपाचं मलाही पटलं, का नाही पटणार?

मग लोणारच्या तळ्याचा फोटो आला. इतक्या खाऱ्या पाण्यातसुद्धा जगणारे बारीक जीव आहेत, पाहा त्याची करणी. मग सुतारपक्षी, त्याची जीभ इतकी लांब की ती डोक्याच्या कवटीला मागून वेढा घालून येते. उंटाच्या पापण्या. सुगरणीचा खोपा. पोरं आ वासून बघत होती. आणि खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. सातवीच्या वर्गात बसल्यासारखं वाटत होतं. माझं भांडण त्याच्याशी देव आहे की नाही यावर कधीच नव्हतं.

माझं भांडण वेगळं आहे. दादा ज्या रचनेचे फोटो दाखवतो, तिच्यात मी खांद्यापर्यंत हात घालते. अडलेलं वासरू काढताना कळतं, की कमरेच्या हाडातली वाट बोटभर जास्त रुंद असती तर गाय वाचली असती. अन्नाची नळी आणि श्वासाची नळी एकमेकींना इतक्या चिकटून ठेवल्यात, की कुणी घाईघाईनं बाटलीनं तेल पाजलं की ते फुफ्फुसात जातं आणि चांगलं धडधाकट जनावर तीन दिवसांत मरतं. ज्यानं कुणी हे बनवलं त्याला मला दोन-चार प्रश्न विचारायचे आहेत, आणि वर गेल्यावर विचारणार आहे मी. तोवर माझं म्हणणं साधं आहे. बनवणाऱ्यावर तुमची एवढी श्रद्धा असेल, तर त्यानं बनवलेली वस्तू आधी नीट बघा. नुसत्या ओवाळण्यानं काय होतं?

तर व्याख्यानाच्या शेवटी दादा म्हणाला, "आता फोटो बस झाले. प्रत्यक्ष पाहा." सतरंज्या बाजूला केल्या. बाहेर, आमच्या खुर्च्यांसमोरच, पारावर वहिनीची गाय बांधलेली. गळ्यात झेंडूचा हार, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. बिचारी गर्दी बघून कान हलवत होती. वहिनी तिच्या तोंडाशी उभी, एक हात तिच्या गळ्याखाली.

दादानं गाईच्या पाठीवर हात ठेवला. "चार पोटं! मानसाले एक, आन् हिले चार. काऊन? अरे, ही भट्टी हाय भट्टी. गवत टाका, दूध होते. पाला टाका, दूध होते. लोखंड सोडून काईबी टाका, अमृत होते. अशी मशीन कोनत्या कारखान्यात बनते?" टाळ्या. मग त्यानं आवाज खाली आणला, त्याला जमतं ते. "आन् हिच्या पोटात तेहेतीस कोटी देव. आज अधिकातला रविवार. परत्येक घरानं तेहेतीस धोंडे हिले चारा. जवाई एका घरचा, गाय साऱ्या गावाची."

टाळ्या वाजवायला उचललेले हात मी खाली घेतले.

कारण ते चूक होतं, साफ चूक. गाईचं पहिलं पोट, ज्याला आम्ही कोटीपोट म्हणतो, ती काही भट्टी नाही. ते पाण्यानं भरलेलं मोठं पिंप आहे आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे अगणित जीव राहतात. गवत गाय पचवत नाहीच, ते जीव पचवतात, आणि गाय त्यांच्यावर जगते. त्यांना हवा नको, ठरावीक ऊब हवी, चघळून आलेली लाळ हवी, आणि गवत, कडबा, कुटार असं सावकाश कुजणारं खाणं हवं. गाय तासन् तास रवंथ करते ती त्यासाठी. पीठ, डाळ, गूळ एकदम मोठ्या प्रमाणात आत गेलं की सगळं आंबतं. आंबट झालं की ते जीव मरतात, रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि गाय आतल्या आत वाळत जाते. दादानं पृथ्वीबद्दल जे जे सांगितलं ते सगळं या पोटाला लागू होतं. जरा इकडचं तिकडं झालं की आतली सृष्टी खलास. तासभर ज्या माणसानं अटी अटी म्हणून घसा कोरडा केला, त्यालाच त्या अटी हाताखालच्या जनावरात दिसू नयेत? विज्ञानाचा मास्तर ना रे तू!

मी खुर्चीतून अर्धी उठले. ह्यांनी माझ्या हाताला हात लावला. "आज नको," हळूच म्हणाले. "चारचौघांत नको. मान ठेव त्याचा."

आणि मी बसले.

जावयाचा मान, भावाचा मान, माहेरी आलेल्या लेकीनं भरल्या मंडपात भावाला खोटं पाडू नये. ही सगळी अक्कल मला त्याच क्षणी आठवली. गुरंढोरं तपासताना पाटलालाही मी उलटं बोलते, एकदा एका पुढाऱ्याला गोठ्यातून बाहेर काढलं होतं. पण आपल्या भावापुढं तोंडात मिठाची गुळणी. मनाची समजूत काढली, की चार-पाच घरं घालतील नावापुरतं, मग गाय स्वतःच तोंड फिरवेल.

ती कशाला तोंड फिरवते? गोड कणीक! पंधरा-वीस घरच्या बायका जावयांसाठी केलेल्या धोंड्यांची ताटं घरून घेऊन आल्या. एकीनं मोजून चारले, दुसरीनं मोजून चारले, वहिनीनंही तिच्या हातचे चारले. पुढं-पुढं गाय मंदावली तेव्हा उरलेले धोंडे दोन घमेल्यांत भरले आणि तिला गोठ्यात नेऊन तिच्या पुढ्यात ठेवले. दादा म्हणाला, परसाद हाय, उचलू नका, खाईन सावकाश. आम्ही घरी गेलो, जेवलो. ह्यांना वाण मिळालं, टॉवेल-टोपी मिळाली. मी दोन धोंडे खाल्ले तुपासंगं. निघताना दादा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "कसं झालं वं बाई भाषन?" मी म्हटलं, "छान झालं." गाडीत बसल्यावर ठरवलं, घरी पोचल्याबरोबर वहिनीला फोन करून सांगू, घमेली उचल, नुसता कडबा टाक. पोचले. धुणं भिजवलं, भाजी निवडली, आणि फोन राहून गेला.

सकाळी साडेसहाला वहिनीचाच आला. "ताई, गाय उठून नाई राह्यली. काल सांजेपासून तिनं रवंथ नाई केला. पातय हगून राह्यली, लय आंबट वास येते. तुमच्या दादाले म्हनलं ताईले फोन करा, तं म्हने काऊन ताईले तरास देतं, गाय तृप्त झाली."

तृप्त झाली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅग उचलली, ह्यांना गाडी काढायला लावली. मेहकर रस्त्यानं जाताना मी बॅगेतल्या सलाईनच्या बाटल्या मोजल्या.

आठला पोचलो. दादा ओट्यावर बसून पेपर चाळत होता, कालच्या भाषणाची बातमी आली का ते बघत. "अवं, इतक्या सकायी? चहा टाक वं," असं त्यानं आत ओरडून सांगितलं. मी त्याच्या अंगावरून गोठ्यात गेले.

गाय बसलेली, मान वळवून कुशीवर टाकलेली. डोळे खोल गेलेले. कान थंडगार. नाक कोरडं ठणठणीत. दात करकर वाजवत होती. डाव्या कुशीला मूठ दाबली तर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला. समोर एक घमेलं रिकामं, दुसरं अर्धं. म्हणजे संध्याकाळभर ते तसंच तिच्या तोंडाशी होतं, आणि तहानेनं तडफडत ती मधूनमधून त्यातलंच खात होती.

"दादा!" मी जी ओरडले ती शेजारची माणसं बाहेर आली. "हे घमेलं अजून इथं? काल दुपारपासून? तुला डोळे आहेत की नाही? काय म्हणालास तू काल, भट्टी? ये, बघ ना तुझी भट्टी! हात लाव तिच्या कानाला!"

दादा दारात उभा राहिला. चेहरा पडला होता, पण मास्तरकी गेली नव्हती. "अवं, पन इतल्या पिढ्या लोक गोग्रास देऊन राह्यले..."

"एक घास! गोग्रास म्हणजे एक घास असतो, दादा! घमेलं नसतं!"

शिरेतून सलाईन लावलं, रक्तातला आंबटपणा उतरवायला त्यात सोड्याचं इंजेक्शन. तोंडातून नळी घालून पोटातलं आंबलेलं जमेल तेवढं काढलं आणि पाणी सोडून पुन्हा काढलं. पिवळं, फेसाळ, नाकाला झोंबणारं. खाण्याचा सोडा वहिनीनं गावातल्या तीन दुकानांतून गोळा करून आणला, तो पाण्यातून दिला. वहिनी गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सांगितलं ते करत होती. साडेदहाला गाईनं एकदा कान हलवला आणि वहिनी म्हणाली, "हालवला, ताई, पाह्यलं ना?" मी म्हटलं, पाहिलं.

आता एक काम उरलं होतं. आतले जीव मेले होते, ते परत आणायला हवे होते. चांगल्या निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी नळीनं काढून आजारी जनावराला पाजतात, म्हणजे विरजण लावल्यासारखं. शेजाऱ्याचा बैल धडधाकट होता, शेजारी तयारही होता. मी दादाला बादली आणायला सांगितलं. तो जागचा हलेना.

"काय झालं?"

"बैलाच्या पोटातलं उष्टं पानी," तो हळू आवाजात म्हणाला, "गाईले पाजाचं? अधिकात? लोक काय म्हनतीन?"

लोणारच्या पाण्यातले जीव दाखवून टाळ्या घेणारा माणूस हा. त्याला ते फोटोत चालत होते. खरे जीव बादलीत आले की ते उष्टं झालं! मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. शेजाऱ्यासमोर बोलले, ह्यांच्यासमोर बोलले, गल्लीतल्या बायका भिंतीवरून बघत होत्या त्यांच्यासमोर बोलले. काल तोंडाला कुलूप होतं, आज त्याची चावीच हरवली होती. शेवटी वहिनी उठली, गाईचं डोकं हळूच खाली ठेवलं, आतून स्टीलची घागर आणली आणि माझ्यापुढं ठेवली. दादाकडं तिनं बघितलंही नाही.

पाणी काढलं, गाळलं, कोमट होतं तोवर पाजलं. पण त्याला फार उशीर झाला होता. सहा-सात तास आधी कुणी मला बोलावलं असतं, तर मी छातीवर हात ठेवून सांगते, गाय उभी केली असती. दुपारी तीनच्या सुमाराला तिनं पाय ताणले. वहिनी तिच्या कानात तिला हाक मारत होती, पिल्लू असताना मारायची तीच. हाकेला कान हलला नाही. मी पोटावर हात ठेवला, वासराची हालचाल बघायला. काहीच नव्हतं.

तासाभरात लोक यायला लागले. कुणी हार, कुणी हळद-कुंकू, कुणी उदबत्त्या. कालच्याच बायका. दादा अंगणात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "अधिक महिन्यात, गावाचा परसाद खाऊन गेली. सोनं झालं तिचं. सरळ गोलोकात." रडत होता तो, खोटं नव्हतं रडणं. तेच तर मला सहन झालं नाही. हा माणूस खरंच रडतो आहे, आणि रडता रडता पुढच्या भाषणाचा शेवट जुळवतो आहे, हे मला दिसत होतं. एक प्रश्न मात्र त्याच्या मनात आलाच नव्हता, की बनवणाऱ्यानं ती गवतासाठी बनवली होती आणि आपण काय केलं.

मी म्हटलं, "मी पोट उघडून दाखवणार आहे. सगळ्यांना. काय चारलं ते बघू दे गावाला."

एकदम गलका झाला. गोमातेला सुरी लावायची? दादा आडवा आला. "पाय पडतो तुया, बाई. विटंबना नोको करू. शांतीनं जाऊ दे तिले."

"ताईले उघडू द्या," मागून वहिनी म्हणाली.

पस्तीस वर्षांत मी तिला दादापुढं आवाज काढताना ऐकलं नव्हतं. आवाज काढला असंही नाही, साधंच बोलली. "मले पाहाचं हाय. तुमी घरात जा." दादा उभाच राहिला. तिनं पुन्हा म्हटलं, "जा म्हनते ना." आणि तो गेला. लोकही हळूहळू पांगले, हार ओट्यावर ठेवून. मी गावाला दाखवणार होते, पण गाव बघायला थांबलंच नाही.

वावराच्या कडेला खड्डा खणला होता. ट्रॅक्टरनं गाय तिथं नेली. मी बाह्या वर केल्या, डावी कूस उघडली. आंबट वासाचा असा भपका आला की हे रुमाल लावून लांब गेले. वहिनी तिथंच उभी राहिली, पदरही नाकाला न लावता. आत पिवळा चिखल भरला होता. त्यात पुरण होतं, न फुटलेली डाळ होती, आणि कितीतरी धोंडे अजून गोलच्या गोल होते. मग तिनं विचारलं म्हणून मी वासरूही दाखवलं. कालवड होती, तांबडीच. वहिनी खाली वाकली, तिच्या ओल्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा उभी राहिली.

माझा राग अजून धगधगत होता. मी हातातल्या सुरीनं तो चिखल दाखवत बोलतच होते, "बघा, वहिनी, बघा, हे यानं चारायला लावलं. शिकलेला माणूस, विज्ञानाचा मास्तर, आणि..."

"म्या आठ चारले होते," वहिनी म्हणाली.

मी सुरी खाली केली.

"आठ चारले आन् थांबली. मनात आलं, तिले जड होईन, पोटुशी हाय. मंग तुमच्याकडं पाह्यलं. तुमी समोरच होत्या खुर्चीवर." ती माझ्याकडं बघत नव्हती, खड्ड्याकडं बघत होती. "तुमी हासल्या माह्याकडं पाहून. मले वाटलं, डॉक्टरीन बाई हासून राह्यली, म्हंजे चालते. मंग म्या बाकीचेबी चारले."

तिच्या आवाजात राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसतं झालं ते सांगत होती. आणि मी हसले होते. हे शेजारी बसलेले, दादाचा डोळा आमच्यावर, माझं तोंड वाकडं दिसू नये म्हणून वहिनीची नजर आली तशी मी हसले होते.

वहिनीनं बादली उचलली आणि माझ्या हातांवर पाणी ओतायला लागली, कोपरापासून खाली, सावकाश. मी हात चोळत राहिले. सकाळपासून मी दादाला काय काय बोलले होते ते एकेक करून आठवत होतं. दादाला माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं.